जुन्या जागी दिवा

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
भिंगार
२६ जुलै १९९८

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद.

तुझी काकू, चेतन, सूनबाई आणि संस्कृती सगळे ठीक आहेत. संस्कृती आता पाचवं संपवून सहाव्यात गेली. तिच्या रक्ताच्या आजारासाठी दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, ते चालू आहे. सुई टोचताना रडत नाही. वॉर्डातल्या दगडाबाई मावशींना उलट तीच धीर देते, "तुमी तिकडं बघा, मी सांगते झालं की."

पत्र लिहायला कारण आहे. तू बंगळूरला गेलीस तेव्हा दवाखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या हाती आली. मी रेकॉर्ड विभागातला माणूस. तू शिकवलंस तेवढंच मला येतं. आता ट्रस्टने नवं मोठं यंत्र घेतलं आहे. सन दोन हजार लागलं की जुनं तारखांत घोळ घालील म्हणतात. ते बसवायला पुण्याहून कंपनीचा एक मुलगा येऊन गेला. तो म्हणाला, "काका, नव्या सर्व्हरला नवा नंबर देऊ. मग वॉर्ड, रक्तपेढी, लॅब, सगळीकडची मशीनं एकेक करून बदलत जाऊ."

मी विचारलं, "एखादं राहिलं तर?"

"राहिलं तर फोन येईलच की!"

तो हसला. मला हसू आलं नाही. रक्तपेढीतला माणूस बाटली देण्याआधी पडद्यावर संस्कृतीचं कार्ड उघडतो, ते मी दर वेळी मागे उभा राहून पाहतो. तिला काय चालतं, काय चालत नाही, ते सगळं त्या कार्डावर असतं. ते कार्ड एक दिवस उघडलं नाही तर फोन कोण करणार आणि कोणाला?

तू जोडणी केलीस तेव्हा जुन्या यंत्राला दहा नंबर दिला होतास. वॉर्डातली सगळी यंत्रं त्या दहा नंबरलाच हाक मारतात, असं तू मला सांगितलं होतंस. मग नव्यालाच तो दहा नंबर देता येणार नाही का?

हे मला सुचलं ते आपल्या गावावरून. धरणाचं पाणी येणार म्हणून गाव उचललं तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. सरकार म्हणत होतं, नव्या वसाहतीला नवं नाव द्या. तुझे आजोबा सभेत उठून म्हणाले, "गाव हलू द्या, नाव हलायचं न्हाई. लेकी सासरी गेल्यात, त्यांनी पत्र कुटं धाडायचं?" म्हणून आजही पोस्टात तेच कळमगाव आहे. जमीन वेगळी, विहीर वेगळी, पण कळमगावला निघालेला माणूस कळमगावलाच येतो.

आबासाहेब तुला आठवतात ना? माझ्या आधीचे रेकॉर्डचे प्रमुख. निवृत्त झाले तरी दर गुरुवारी येऊन बसतात. जुनं यंत्र आलं तेव्हा त्यांनीच नारळ फोडला होता. ते यंत्र जाणार म्हटल्यावर आबासाहेब म्हणाले, "गोरक्षा, बैल म्हातारा झाला म्हनून कुनी दावं सोडून देतं का रं?"

मी काय करावं ते सविस्तर कळव.

तुझा काका,
गोरक्षनाथ

*

बंगळूर
५ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसातून आल्यावर मिळालं आणि जिन्यातच उभ्याने वाचलं. काका, तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. त्या मुलाचं ऐकू नका.

खरं सांगते. मी ती जोडणी केली तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते. दहा हा नंबर मी एका जागी न लिहिता जिथे गरज पडेल तिथे, प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवला. आता मला विचाराल तर सगळ्या जागा मलाच आठवणार नाहीत. नवा नंबर दिलात तर कुठल्या तरी कोपऱ्यातलं एखादं यंत्र जुन्याच नंबरला हाक मारत बसेल. म्हणून नव्यालाच दहा करा. वॉर्डाला कळतासुद्धा कामा नये की काही बदललं.

क्रम असा ठेवा. आधी नव्याला तात्पुरता नव्वद नंबर द्या, म्हणजे दोन्ही एका तारेवर भांडण न करता राहतील. जुन्यातल्या सगळ्या नोंदी नव्यात उतरवून घ्या. संस्कृतीचं कार्ड स्वतः उघडून पाहा, आणखी काही कार्डंही पाहा. मग ज्या दिवशी गर्दी कमी असेल त्या दिवशी जुनं बंद करा. ते पूर्ण बंद झाल्यावरच नव्याला दहा नंबर द्या. आधी नाही.

जुनं लगेच मोडीत काढू देऊ नका. महिना-दोन महिने जसं आहे तसं बाजूला ठेवा. नव्यात काही बिघाड निघालाच तर परत फिरायला जागा हवी.

मी दिवाळीला येईन असं आईला म्हटलं आहे, पण रजेचं अजून नक्की नाही. इथे काम फार आहे. संस्कृतीला सांगा, आत्याने तिच्यासाठी रंगीत खडू घेतले आहेत.

तुमची,
वृषाली

*

भिंगार
७ सप्टेंबर १९९८

चि. वृषालीस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच केलं. पोळ्याच्या सुट्टीत वॉर्ड शांत होते. मी सकाळी अंघोळ करून, देवाला हात जोडून गेलो. कंपनीचा मुलगा होता, आपला छगन शिपाई होता. जुन्याचं बटण मी दाबलं. इतकी वर्षं घरघरणारी खोली अशी गप्प झाली की छगन म्हणाला, "भाऊसाहेब, कुनी गेल्यावानी वाटतंय."

नव्याला दहा नंबर दिला. मुलाने मान हलवली. मी वॉर्डात फोन लावला. दगडाबाईंनी उचलला.

"मावशी, पडद्यावर काही वेगळं दिसतंय का?"

"काय दिसायचं? धूळ हाय. फुसू का?"

मी आनंदाने हसलो. म्हटलं, पुसा मावशी.

जुनं यंत्र त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं आहे, वर कापड टाकून. आबासाहेब येतात तेव्हा कापडावरून हात फिरवतात.

आता दुसरी गोष्ट. काळजी करू नकोस, पण तुला सांगायला हवी. गेल्या आठवड्यात रक्त चढवताना संस्कृतीला हुडहुडी भरली, अंगावर पित्त उठलं. लगेच थांबवलं. पुण्याला नमुना पाठवला. निदान असं आलं की तिच्या शरीराने एका जातीच्या रक्ताशी वैर धरलं आहे. गट जुळला तरी ती जात तिला चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, हे वैर नेहमीच्या तपासणीत दर वेळी दिसेलच असं नाही. कधी लपून बसतं. म्हणून नोंद महत्त्वाची. रक्तपेढीने तिच्या कार्डावर लाल अक्षरांत ओळ घातली आहे. कार्ड उघडलं की पहिली तीच दिसते.

तीच ओळ आता तिची राखण आहे. मी रोज जाता जाता एकदा कार्ड उघडून पाहतो. देवळात डोकावल्यासारखं.

तुझा काका

*

भिंगार
१४ सप्टेंबर १९९८

चि. वृषालीस आशीर्वाद.

मागच्या पत्राचं उत्तर यायचं आहे, तरी एक लहानशी गोष्ट विचारतो. खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. यंदा आबासाहेबांचा हट्ट आहे की जुन्या यंत्राचीही शेवटची पूजा करायची. ती बंद यंत्राची नाही, चालू करून. "जित्याला हार घालत्यात गोरक्षा, मेल्याला घातलेला हार येगळा," असं म्हणतात. घटकाभर चालू करून, पूजा झाली की बंद करू.

मला हरकत दिसत नाही, पण तुला विचारल्याशिवाय करू नये असं वाटलं. दोन ओळी लिही. फोन करण्याइतकी ही बाब मोठी नाही.

तुझा काका

*

बंगळूर
२६ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचं सात तारखेचं पत्र काल हाती आलं. उशीर माझ्यामुळे झाला. महिन्याच्या सुरुवातीला मी जागा बदलली. दोघी मैत्रिणींनी मिळून ऑफिसजवळ घर घेतलं आहे भाड्याने. नवा पत्ता पाकिटावर लिहिला आहे. कळवायचं राहून गेलं. जुन्या घरमालकीणबाई आलेली पत्रं साठवून ठेवतात आणि कुणी तिकडे गेलं की देतात.

संस्कृतीचं वाचून रात्री झोप लागली नाही. ती लाल ओळ आहे ना जागेवर? असू द्या.

काका, एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. जुनं यंत्र बंद आहे, पण दहा नंबर अजून त्याच्या पोटात आहे. त्याची तार काढून ठेवा, किंवा त्याचा नंबर पुसून टाका. ते कधी चुकून सुरू झालं तर दोन्ही यंत्रं दहा नंबरला ओ देतील. वॉर्डातून हाक गेली की कधी नवं उत्तर देईल, कधी जुनं. आणि विचारणाऱ्याला कळणार नाही की आपण कोणाशी बोलतो आहोत. जुन्यात पोळ्यानंतरचं काहीच नाही.

घाई नाही, पण सवडीने एवढं करून टाका.

दसऱ्याचं सोनं इथूनच देते.

तुमची,
वृषाली

*

नगर, दवाखाना
९ ऑक्टोबर १९९८

चि. वृषालीस आशीर्वाद.

चेतनने फोनवर तुला सांगितलंच असेल. संस्कृती आपल्याच दवाखान्यात आहे. तिला शनिवारी रक्त दिलं. तेव्हा काही झालं नाही. मंगळवारी डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली, ताप चढला. जे चालत नव्हतं तेच गेलं. डॉक्टर मूत्रपिंडाला जपत आहेत.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मला सोमवारी मिळालं.

जास्त लिहवत नाही. भैरवनाथाला हाक मार.

तुझा काका

*

बंगळूर
२४ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, ताप उतरला, लघवी साफ झाली, पेज मागून प्यायली. मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडले. लोक बघत होते.

फोनवर मी तुम्हाला विचारलं, जुनं यंत्र कोणी चालू केलं? तुम्ही म्हणालात, झालं ते झालं. मला वाटलं, त्या कंपनीच्या मुलाने काहीतरी केलं असणार आणि तुम्ही त्याला पाठीशी घालता आहात. त्याच्या साहेबांना पत्र लिहायला बसले होते.

परवा जुन्या घरी सामान आणायला गेले. घरमालकीणबाईंनी टीव्हीवरून एक पत्र काढून दिलं. तुमचं, चौदा सप्टेंबरचं.

काका, तुम्ही मला विचारलं होतं. दोन ओळी मागितल्या होत्या.

दवाखान्यातल्या यंत्रांचा पत्ता बदलू नये म्हणून मी तुम्हाला पानभर लिहिलं. आणि स्वतःचा पत्ता बदलला तो कळवला नाही. मनात एवढंच होतं की ज्यांना काम आहे ते ऑफिसात फोन करतील. पत्र लिहिणारं मला तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि त्या एकाच माणसाला मी सांगितलं नाही.

आता तुम्ही मला सगळं लिहा. काही झाकू नका. चूक माझीच आहे. ती मला पूर्ण कळू द्या.

तुमची,
वृषाली

*

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
भिंगार
१५ नोव्हेंबर १९९८

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बरेच दिवस उशाशी होतं. संस्कृती घरी आल्यावर लिहायचं असं ठरवलं होतं. ती त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी घरी आली. अशक्त आहे, पण अंगणात खाटेवर बसून काकूला पणत्या कुठे मांडायच्या ते सांगत होती.

तू सगळं लिहा म्हणालीस, म्हणून लिहितो.

खंडेनवमीला आबासाहेब धोतर-टोपीत आले. तुझं उत्तर आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "पोरीनं न्हाई म्हटलं का?" म्हटलं, नाही. "मंग झालं तर!" मीही मनाला तेच सांगितलं. उत्तर आलं नाही, म्हणजे हरकत नसावी. छगनने विजेची पिन लावली आणि वॉर्डांकडे जाणारी दुसरी तार टेबलामागे लोंबत होती ती सवयीने तिच्या जागी खोचली. यंत्र घरघरू लागलं. आबासाहेबांचे डोळे भरले. झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढे, आरती झाली. मीच आरतीचं ताट धरलं होतं.

मग बंद करायची वेळ आली. आबासाहेब म्हणाले, "पूजेच्या दिशी अवजाराला हात लावत न्हाईत. आज त्याचा मान हाय. उद्या दसरा झाला की बघू." हे आपल्या सगळ्यांच्या घरातलंच आहे. खंडेनवमीला मांडलेली विळी-कोयतासुद्धा दसरा झाल्याशिवाय आपण उचलत नाही. मी खोलीला कुलूप लावलं आणि गावी गेलो. दसऱ्यानंतर रजा जोडून घेतली होती, सोमवारी कामावर आलो.

त्या दिवसांत दोन्ही यंत्रं दहा नंबरला ओ देत होती. लॅबवाले म्हणत होते, कालचे रिपोर्ट दिसतात, मग दिसत नाहीत. नवं यंत्र आहे, रुळायला वेळ लागेल, असं सगळ्यांनी धरलं. शनिवारी रक्तपेढीत संस्कृतीचं कार्ड उघडलं ते जुन्याने दिलं. त्यावर लाल ओळ नव्हतीच. कुठून असणार? दगडाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आवं, हिच्या कार्डावर कायतरी तांबडं हुतं की." रक्तपेढीतल्या मुलाने पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा जुन्यानेच उत्तर दिलं. तो म्हणाला, मावशी, ते दुसऱ्या कोणाचं असेल. त्या बिचाऱ्याने विचारलं होतं. त्याला चुकीच्या घरून उत्तर मिळालं.

सोमवारी खोलीचं कुलूप काढलं तर आत जुन्याची घरघर चालूच. वाळलेला हार तसाच. मी ते तेव्हाच बंद केलं. तुझं पत्र दुपारच्या टपालात आलं.

आता एक गोष्ट, जी मी तुला पहिल्या पत्रात अर्धीच सांगितली होती. गाव उठलं त्या दिवशी भैरवनाथाचा दिवा नव्या देवळात नेला. तुझी पणजी हट्टाला पेटली की जुन्या जागीही एक दिवा ठेवा. पाणी येईस्तोवर तरी देवाची जागा अंधारात नको. तुझ्या आजोबांनी आपल्या आईचं कधी मोडलं नव्हतं, पण त्या दिवशी ओंजळीने दिवा शांत केला. म्हणाले, "आये, रातच्याला कुनी वाटसरू दिवा बघून गाव समजून यील, अन् पान्यात जाईल." मी तिथे उभा होतो. सगळं ऐकलं होतं. आणि पंचवीस वर्षांनी जुन्या जागी दिवा लावला, तर त्याचं ताट मीच धरलं.

म्हणून चूक तुझी एकटीची नाही. वाटणी करू नकोस. मी फोन करू शकत होतो. केला नाही.

ट्रस्टने चौकशी लावली तेव्हा छगनवर येणार असं दिसत होतं. तार त्याने खोचली होती. आबासाहेब न बोलावता बैठकीत जाऊन उभे राहिले. "चालू करा मी म्हटलो. बंद करू नका बी मीच म्हटलो. ह्या पोराला सोडा." मीही माझं सांगितलं. छगनची नोकरी राहिली. माझ्याकडची किल्ली काढून घेतली आहे. मला त्याचं दुःख नाही, बरंच वाटलं.

किल्ली देण्याआधी एक काम करू द्या, अशी मी परवानगी मागितली. आबासाहेबांना बरोबर नेलं. या दीड महिन्यात ते वाकले आहेत. आधी त्यांनी संस्कृतीला पाहायचं म्हटलं. घरी आले, उंबऱ्यातच थांबले. ती म्हणाली, "आबा, आत या की. मला खाटेवरून खाली उतरायचं न्हाई, डॉक्टर म्हणालेत." ते आत आले, तिच्या पायाशी बसले. पेढ्यांचा पुडा आणला होता, पण तो बाहेर काढलाच नाही.

मग दवाखान्यात गेलो. वॉर्डांकडची तार काढून मी जुनं यंत्र चालू केलं आणि तू फोनवर सांगितलंस तसा दहा नंबर त्यातून पुसून टाकला. आबासाहेब शेजारी उभे होते. मी म्हटलं, आता तुम्ही बंद करा. त्यांनी खिशातून पुडीतल्या अक्षता काढल्या, यंत्रावर वाहिल्या. आपण गणपती उठवताना, सत्यनारायण उठवताना शेवटी म्हणतो ना, पुन्हा यावं म्हणून. ते शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. मला दिसले. आयुष्यभराची सवय. त्यांनी ओठ मिटले, आणि ते न म्हणताच बटण दाबलं.

खोली गप्प झाली. नव्या यंत्राचा आवाज फार बारीक आहे. कान दिला तरच ऐकू येतो.

काल संस्कृतीला रक्त दिलं. कार्ड उघडलं, लाल ओळ होती. रक्तपेढीतल्या मुलाने ती मोठ्याने वाचली. दगडाबाई म्हणाल्या, "आता अजून एकदा वाच, बाबा. तुझं काय जातंय?" त्याने परत वाचली. संस्कृती हसली. सगळं नीट पार पडलं.

तू या वेळी आली नाहीस, ते समजण्यासारखं आहे. संक्रांतीला जमलं तर ये. खडू पोस्टाने पाठवू नकोस, घेऊनच ये. तिने जागा करून ठेवली आहे.

पाकिटावर नवा पत्ता तीन वेळा ताडून पाहिला. हे मिळालं की एक ओळ तरी लिही, 'पोचलं' एवढंच. न आलेल्या उत्तराचा मी आता काहीच अर्थ लावत नाही.

तुझा काका,
गोरक्षनाथ